आज्जीची बोरमाळ आणि काळी पोत

आमच्या बेळगावकडं सोन्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न एकच, आज रेट काय चाललाय. दागिना म्हणजे गुंतवणूक, हे डोक्यात पक्कं बसलंय. पण माणसानं अंगावर काहीतरी घालायला सुरुवात केली तेव्हा सोनं त्याच्या गावीही नव्हतं. मोरोक्कोतल्या बिझमून गुहेत समुद्री शंखांचे भोकाचे मणी सापडलेत, 1 लाख 40 हजार वर्षांच्या पुढचे, आणि ते वापरून झिजलेले आहेत, म्हंजे कुणीतरी ते खरंच अंगावर घालून फिरत होतं. आपल्या जळगाव जिल्ह्यात पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, ते साधारण 25 हजार वर्षांपूर्वीचे. पोट भरायला उपयोग नाही, शिकारीला नाही, मग घालायचे कशाला? मला वाटतं, समोरच्याला न बोलता कळावं म्हणून, की ही कोण, कुणाची.

किंमत नंतर चिकटली. दागिना हा शब्दच बघा ना, प्रवासात सामानाच्या नगालाही दागिनाच म्हणायचे, आणि दागिन्याला कन्नडमध्ये ओडवे म्हणतात, त्या शब्दात पण मालकीची वस्तू हा अर्थ आहेच. पुतळीमाळ तर सरळसरळ नाण्यांची माळ, व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर माणसांच्या आकृत्या होत्या म्हणून त्याला पुतळी म्हणायला लागले. बोरमाळ, टीक, बुगडी, पाटल्या ही नावं आमच्या गल्लीत मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत चालतात, सोनारही बऱ्याचदा एकच.

आमच्या आज्जीची बोरमाळ होती, मणी आतून पोकळ, लाख भरलेले, पटवेकऱ्याकडनं रेशमात गाठवून घेतलेली. एका मण्याला चेप आला होता आणि चिरेतनं आतली तांबूस लाख दिसायची, लहानपणी मी तिथंच नख घालत बसायचो. ती माळ दोनदा गहाण पडली. एकदा तर मंगळसूत्राच्या वाट्यापण गेल्या, तेव्हा आज्जीनं काळ्या मण्यांत हळकुंड बांधलं पण गळा मोकळा ठेवला नाही.

मण्याची ही ताकद नेहमी चांगलीच असते असं नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावानं पोरीच्या गळ्यात लाल-पांढरे मणी बांधायचे, मुत्तू कट्टणं म्हणतात त्याला. काचेचे स्वस्तातले मणी, पण एकदा बांधले की ती देवदासी, तिचं लग्न नाही, सगळं आयुष्यच ठरून गेलं. कर्नाटकात 1982 साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. आणि सीमेपलीकडं महाराष्ट्रात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं आणि मंगळसूत्र तोडणं, सगळं त्यात आलं.

आमच्या आज्जीच्या वेळी असला ठराव नव्हता. आजोबा गेले त्या दिवशी बायकांनी तिची पोत काढली. बोरमाळेला कुणी हात लावला नाही, ती तशीच गळ्यात राहिली.