किती लिटरची सॅक आणि कोणत्या मापाची सॅक

दुकानात जाऊन ‘मोठी सॅक दाखवा’ असे म्हटले की विक्रेता ६० किंवा ७० लिटरची सॅक समोर ठेवतो आणि आपणही तेच मागितले होते असे समजून तिचे पट्टे ओढून पाहू लागतो. ‘मोठी’ या एका शब्दात मात्र दोन निराळी मापे मिसळलेली असतात. सॅकमध्ये किती सामान मावते ते लिटरमध्ये सांगितले जाते. ती कोणाच्या पाठीवर नीट बसेल हे पाठीच्या लांबीवर अवलंबून असते आणि ती लांबी सेंटिमीटरमध्ये किंवा एस, एम, एल अशा अक्षरांनी दाखवलेली असते. लिटरचा आकडा सॅकच्या नावातच असतो, त्यामुळे तो सर्वांच्या नजरेस पडतो. पाठीचे माप आतल्या बाजूच्या लहानशा पट्टीवर असते आणि ते क्वचितच कोणी वाचतो.

रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाणारी वाट मी प्रथम केली तेव्हा माझ्या पाठीवर थोरल्या भावाची ६० लिटरची सॅक होती. रतनवाडीहून निघाल्यावर तासाभरातच खांदे दुखू लागले. सामान जास्त झाले असावे असे वाटून पहिल्या मुक्कामी मी दोन-तीन किलोंच्या वस्तू सोबत्यांकडे दिल्या, तरीही दुसऱ्या दिवशी कुमशेतपर्यंत पोहोचेतो तीच कळ मानेपर्यंत चढली होती. वजन कमी होऊनही दुखणे कमी का होत नाही, याचे उत्तर घरी परतल्यावर शिवणकामाची टेप हातात घेतली तेव्हा मिळाले. माझ्या पाठीची लांबी ४१ सेंटिमीटर भरली आणि ती सॅक ज्या पाठीसाठी बेतलेली होती, ती सुमारे ५० सेंटिमीटरची होती.

नऊ सेंटिमीटरच्या फरकाने एवढे का बिघडावे, हे सॅकची रचना पाहिली की कळते. अनेक दिवसांच्या डोंगरयात्रेसाठी बनवलेल्या सॅकच्या पाठीत धातूच्या पट्ट्या, तारेची चौकट किंवा कडक प्लास्टिकचा पत्रा असतो. त्यालाच फ्रेम म्हणतात. सामानाचे वजन या फ्रेममधून कमरेच्या पट्ट्यात उतरते आणि तो पट्टा कमरेच्या हाडांवर टेकलेला असल्यामुळे पुढे पायांवर जाते. पट्टा योग्य जागी बसला असेल तर बहुतेक भार कमरेवर राहतो आणि खांद्यांवरच्या पट्ट्यांना सॅक पाठीशी धरून ठेवण्याचेच काम उरते. मात्र त्यासाठी कमरेचा पट्टा आणि खांद्यांच्या पट्ट्यांचा उगम यांच्यातील अंतर आपल्या पाठीएवढे असावे लागते. हे अंतर जास्त असेल, तर कमरेचा पट्टा हाडांवर बांधल्यावर खांद्याचे पट्टे खांद्याला न टेकता वर उभे राहतात आणि सॅक मागे ओढते. उलट खांद्याचे पट्टे घट्ट आवळले, तर कमरेचा पट्टा खाली घसरून नितंबांवर येतो आणि प्रत्येक पावलाला घासतो. अंतर कमी असेल, तर पट्टा हाडांच्या वर, पोटावर बसतो, श्वास घेताना काचतो आणि सारे वजन पुन्हा खांद्यांवर येते.

पाठीची लांबी घरच्या घरी मोजता येते, फक्त दुसऱ्या कोणाची तरी मदत घ्यावी. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी एक मणका ठळकपणे हाताला लागतो, तो मानेचा सातवा मणका. तेथून मोजायला सुरुवात करायची. मग दोन्ही हात कमरेवर असे ठेवायचे की अंगठे पाठीकडे येतील आणि बोटे दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडेवर टेकतील. दोन अंगठ्यांना जोडणारी आडवी रेषा पाठीच्या कण्याला जेथे छेदते, तेथे माप संपते. टेप कण्याच्या वळणाला धरून सोडायची, ताणायची नाही. ४० ते ४४ सेंटिमीटर भरले तर बहुतेक उत्पादकांच्या मांडणीत लहान, ४५ ते ५० सेंटिमीटर भरले तर मध्यम आणि त्यापुढे मोठे माप येते. प्रत्येकाची सीमारेषा थोडी इकडेतिकडे असते, म्हणून अक्षरापेक्षा सेंटिमीटरचा आकडा पाहिलेला बरा.

येथे उंचीवर विसंबून चालत नाही. एकाच उंचीच्या दोन माणसांमध्ये एकाचे पाय लांब आणि पाठ आखूड, तर दुसऱ्याचे नेमके उलटे असू शकते. ‘तू उंच आहेस, तुला मोठी सॅक लागेल’ हे वाक्य म्हणूनच दोनदा चुकते, कारण उंचीवरून पाठ कळत नाही आणि पाठीवरून लिटर ठरत नाहीत. आपल्याकडे एक सॅक घरातल्या सगळ्यांमध्ये फिरते, भावाची बहिणीकडे आणि तिची पुढे मावसभावाकडे जाते. तिची पाठ खालीवर सरकवता येणारी नसेल, तर ही देवाणघेवाण कोणाच्या तरी खांद्यांवर वसूल होते. स्त्रियांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या सॅकमध्ये पाठ आखूड, खांद्याचे पट्टे एकमेकांना जवळ आणि कमरेचा पट्टा वेगळ्या कोनात असतो. मात्र तेथेही स्वतःचे माप घेऊनच निवड करावी, कारण लांब पाठीच्या स्त्रिया आणि आखूड पाठीचे पुरुष पुष्कळ आहेत.

आता लिटरकडे वळू. लिटर हे घनफळ आहे, वजनाशी त्याचा थेट संबंध नाही. एक लिटर पाणी एक किलो भरते, पण तेवढ्याच जागेत मावणारे लोकरीचे कपडे त्याच्या एका लहान भागाएवढेच वजन करतात. म्हणून ‘बारा किलो सामान आहे, किती लिटरची सॅक घेऊ?’ या प्रश्नाला उत्तर नसते. सामान एकदा प्रत्यक्ष मांडून पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे. न्यायच्या सर्व वस्तू जमिनीवर काढाव्यात, जशा बांधून नेणार तशाच बांधाव्यात आणि एखाद्या पुठ्ठ्याच्या खोक्यात रचाव्यात. ३० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ५० उंच असे खोके भरले, तर गुणाकार ४५,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ४५ लिटर येतो. सॅकचा आकार खोक्यासारखा काटकोनी नसल्यामुळे त्यावर चार-पाच लिटर जास्त धरावेत.

सह्याद्रीतील तीन दिवसांच्या हिवाळी भटकंतीचा माझा हिशेब असा असतो. कृत्रिम धाग्यांची स्लीपिंग बॅग दहा ते बारा लिटर जागा घेते आणि सर्वांत जास्त जागा तीच खाते. पिसांची असेल तर त्याच्या निम्म्यात काम होते. स्वेटर, जाकीट आणि कानटोपी यांना सहा, बदलायच्या कपड्यांना पाच, स्वतःच्या वाट्याच्या शिध्याला चार, वाटणीत आलेल्या भांड्याला आणि स्टोव्हला चार, पाण्याला तीन ते चार, आणि विजेरी, औषधे व दोर यांना दोन लिटर लागतात. बेरीज पस्तिसाच्या आसपास जाते आणि ४५ लिटरची सॅक पुरून उरते. रतनगडाच्या आणि हरिश्चंद्रगडाच्या गुहांमध्ये मुक्काम केला किंवा पाचनईसारख्या गावात जेवणाची सोय झाली, तर तंबू लागत नाही आणि शिधाही कमी होतो. तंबू न्यायचाच असेल, तर दोन माणसांच्या तंबूसाठी सहा ते आठ लिटर वाढवावेत. राजगड ते तोरणा ही एका मुक्कामाची वाट ३५ ते ४० लिटरमध्ये आरामात होते. हिमालयात स्वतःचे सगळे सामान स्वतः वाहायचे असेल तर ५५ ते ६५ लिटर लागतात, पण खेचरांवर सामान जाणार असेल तर दिवसभरासाठी २५ ते ३० लिटरची लहान सॅक पुरते. तेव्हा मोठी सॅक विकत घेण्याआधी सामान कोण वाहणार आहे हे विचारून घ्यावे.

‘असू दे, जास्त लिटर असलेले बरे’ हा विचार फसवा आहे. रिकामी जागा दिसली की माणूस ती भरतो. मोठ्या सॅकचे स्वतःचे वजनही जास्त असते: फ्रेम असलेली ६५ लिटरची सॅक रिकामीच सुमारे दोन किलो भरते. अर्धवट भरलेल्या सॅकमध्ये सामान खाली बसते आणि डावीउजवीकडे झुलते. मदनगडाच्या दरीकाठच्या कातळकोरीव पायऱ्यांवर किंवा घसाऱ्याच्या उतारावर हे झुलणे तोल घालवू शकते. बाजूचे आवळपट्टे ओढून मोठी सॅक काही प्रमाणात लहान करता येते, एवढाच काय तो दिलासा. दुसऱ्या टोकाला, फार लहान सॅक घेतली की कॅरीमॅट (झोपताना खाली अंथरायची गुंडाळी), पातेले आणि चपला बाहेर लोंबू लागतात, करवंदीच्या जाळीत अडकतात आणि रतनगडाच्या लोखंडी शिड्यांवर कठड्याला धडकतात. सॅकच्या नावात ‘५५ अधिक १०’ असे लिहिलेले असते त्यातील दहा लिटर हे तोंडाशी वर ओढून वाढवायच्या कापडाचे असतात. ते पहिल्या दिवसाच्या शिध्यासाठी ठीक आहेत. रोज वापरायचे ठरवले तर भार डोक्याच्या वर जातो आणि उतारावर सॅक पुढे ढकलते.

दोन मापांचा गोंधळ वाढवणारी एक खरी गोष्टही आहे. काही सॅक एस, एम, एल अशा तिन्ही मापांत मिळतात आणि त्यांची फ्रेम बदलते तसे लिटरही दोन-तीनांनी बदलतात, त्यामुळे ६० लिटर म्हणून विकली जाणारी सॅक लहान मापात ५७-५८ लिटरची असू शकते. शिवाय लिटर मोजण्याची रीत सर्वत्र सारखी नाही. अमेरिकेतील एका प्रमाणित पद्धतीत २० मिलिमीटर व्यासाचे प्लास्टिकचे गोळे भरून घनफळ काढतात, पण बाहेरचे जाळीचे खिसे हिशेबात धरायचे की नाही यावर उत्पादकांचे आकडे बदलतात. म्हणून दोन कंपन्यांच्या ५० लिटरच्या सॅक शेजारी ठेवल्या तर एकीत स्लीपिंग बॅग सहज जाते आणि दुसरीत कोंबावी लागते.

या सर्वांतून निवडीचा क्रम ठरतो, आणि माझ्या मते तो प्रचलित क्रमाच्या उलटा आहे: आधी पाठ मोजून कोणत्या सॅक आपल्याला बसतात हे ठरवावे आणि मगच त्यांतील लिटर निवडावेत. दुकानात सॅक रिकामी घालून पाहणे निरुपयोगी आहे. तीत आठ-दहा किलो वजन भरून मागावे. सगळे पट्टे सैल करून सॅक चढवावी, प्रथम कमरेचा पट्टा हाडांवर मधोमध येईल असा बांधावा, मग खांद्याचे, त्यानंतर खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे आणि शेवटी छातीचा पट्टा. छोटे पट्टे खांद्यापासून साधारण ४५ अंशांत वर जात असतील आणि खांद्याचे पट्टे खांद्याभोवती कोठेही पोकळी न ठेवता बसत असतील, तर पाठ जुळली. त्यानंतर पंधरा मिनिटे चालावे, जिना असेल तर चढून-उतरून पाहावा.

पहिल्या हिमालयवारीला निघालेले अनेकजण तळावर सॅक भाड्याने घेतात आणि तेथे निवड मर्यादित असते. पाठ खालीवर सरकवता येणारी सॅक तेथे असेल तर तीच मागावी आणि पट्टे लावण्याआधी ती आपल्या सेंटिमीटरवर आणून ठेवावी. पाठीला बसणारी सॅक आपल्या हिशेबापेक्षा पाच लिटर लहान निघाली, तर कॅरीमॅट बाहेर घट्ट बांधता येते, एखादा जादा कपडा तळावरच ठेवता येतो. पाठीला न बसणाऱ्या सॅकबाबत वाटेत असे काहीच करता येत नाही.