आपल्या खासदाराने मत काय दिले? न सापडणाऱ्या नोंदीची पार्श्वभूमी

सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीत कांदा घेऊन आलेल्या शेतकऱ्याने, २०२० च्या कृषी विधेयकांवर आपल्या खासदाराने कोणत्या बाजूने मत दिले असे विचारले, तर त्याच्यापुढे ठेवायला कागद नाही. तो गहाळ झालेला नाही; तो तयारच झाला नाही. शेतमालाचा व्यापार आणि कराराची शेती यांविषयीची दोन विधेयके लोकसभेने १७ सप्टेंबर २०२० रोजी आवाजी मतदानाने मंजूर केली. तीन दिवसांनी राज्यसभेत विरोधी सदस्यांनी मतविभागणीची, म्हणजे मते मोजण्याची, मागणी केली, तरी तिथेही आवाजी मतदानच झाले. पुढे २९ नोव्हेंबर २०२१ रोजी हे कायदे रद्द करणारे विधेयक चर्चा न होता, पुन्हा आवाजीनेच, एकाच दिवसात दोन्ही सभागृहांतून पार पडले. बाजार समितीच्या आवाराशी थेट संबंध असलेला कायदा आला आणि गेला. पक्षांच्या भूमिका सर्वांना कळल्या, पण अंतिम मंजुरीच्या वेळी कोण कोणत्या बाजूला होते, याची नावानिशी नोंद राहिली नाही.

असे का होते, हे समजण्यासाठी सभागृहातल्या मतदानाची रीत पाहावी लागते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०० नुसार सभागृहाचा निर्णय हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने होतो. प्रत्येक मताची नावासह नोंद व्हावी, असे तो अनुच्छेद म्हणत नाही. लोकसभेच्या कामकाजाच्या नियम ३६७ नुसार अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात, दोन्ही बाजूंचे आवाज ऐकतात आणि आपल्या मते कोणाची सरशी झाली ते सांगतात. कोणी हरकत घेतली नाही, तर विषय तिथेच संपतो. हरकत आली, तर लॉबी, म्हणजे सभागृहालगतची दालने, मोकळी करण्याचा आदेश निघतो, साडेतीन मिनिटांनी दारे बंद होतात आणि प्रस्ताव दुसऱ्यांदा मताला टाकला जातो. तरीही हरकत कायम राहिली, तर नावानिशी मतविभागणी होते. मात्र याच नियमात एक पळवाट आहे. मतविभागणी विनाकारण मागितली आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते सदस्यांना केवळ उभे करून डोकी मोजू शकतात, आणि त्या वेळी नावे नोंदवली जात नाहीत.

पहिल्या लोकसभेत मतविभागणी म्हणजे सदस्यांनी उठून आपापल्या बाजूच्या लॉबीत जाणे. त्या लोकसभेत सोलापूर दोन सदस्यांचा मतदारसंघ होता आणि १९५२ मध्ये इथून शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज असे दोघेही सत्ताधारी काँग्रेसबाहेरचे सदस्य दिल्लीला गेले. १९५७ मध्ये लोकसभेत मतनोंदणीचे स्वयंचलित यंत्र बसले. घंटा वाजल्यापासून दहा सेकंदांच्या आत बटण दाबायचे. बाजूने मत असेल तर हिरवा दिवा, विरोधात असेल तर लाल, आणि तटस्थ राहिल्यास पिवळा. यंत्र चुकले किंवा सदस्याकडून चुकीचे बटण दाबले गेले, तर त्याच तीन रंगांच्या चिठ्ठ्या असतात. म्हणूनच छापील कार्यवृत्तात आकड्यांखाली बारीक अक्षरातली एक टीप दिसते, अमुक सदस्यांनी चिठ्ठीद्वारे मत दिले किंवा दुरुस्त केले. आपल्या खासदाराचे नाव शोधणाऱ्याने वरची यादी पाहून थांबू नये, ही टीपही वाचावी.

मोजणी टाळताच येत नाही, अशी एक जागा घटनेनेच ठेवली आहे. अनुच्छेद ३६८ नुसार घटनादुरुस्तीला एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत लागते, त्यामुळे तिथे आकडा आणि नावे दोन्ही मिळतात. महिला आरक्षणाचे विधेयक २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाले. वस्तू व सेवा कराच्या घटनादुरुस्तीला ८ ऑगस्ट २०१६ रोजी ४४३ मते पडली आणि विरोधात एकही नाही. सोलापूरच्या चादरी आणि टॉवेलच्या धंद्यात या कराची चर्चा आजही चालते, पण ती खासदाराच्या त्या मताची नसते, कराच्या दराची असते. आणि दर ठरवते जीएसटी परिषद, जिच्यात केंद्रीय अर्थमंत्री आणि राज्यांचे मंत्री बसतात. यंत्रमागवाल्याला जिथे खरा फरक पडतो, त्या टेबलावर त्याचा खासदार, खासदार या नात्याने, बसलेलाच नसतो.

नाव नोंदले गेले, तरी ते मत व्यक्तीचे किती आणि पक्षाचे किती, हा पुढचा प्रश्न. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आला. आयाराम-गयारामांना आवर घालणे हा त्याचा हेतू, आणि तो चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. पण त्यासोबत एक तरतूद आली. पक्षाने काढलेल्या व्हिपविरुद्ध, म्हणजे मतदानाविषयीच्या आदेशाविरुद्ध, परवानगी न घेता मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच, ही शिक्षा सरकारच्या अस्तित्वाशी संबंधित मतदानापुरती ठेवावी, असे सुचवले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये किहोतो होलोहान प्रकरणात कायदा ग्राह्य धरला, पण व्हिपचा वापर मर्यादित असावा, असेही सांगितले. २००३ मध्ये, पक्षाचे एक तृतीयांश सदस्य एकत्र फुटले तर मिळणारी सवलत गेली. व्हिपची व्याप्ती मात्र तशीच राहिली. परिणामी अमेरिकेत एखाद्या सिनेटरच्या मतांची यादी वाचून माणूस ओळखता येतो, तशी आपल्याकडची यादी वाचून फार तर पक्ष ओळखता येतो.

सोलापूरच्या राजकीय आठवणीत या सगळ्याचे एक वेगळेच उदाहरण आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत आंध्र प्रदेशाच्या पुनर्रचनेचे विधेयक लोकसभेत मांडणारे गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे हे सोलापूरचे खासदार होते. शहराच्या पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या विणकाम करणारी कुटुंबे घरात तेलुगू बोलतात, आणि त्यांतल्या अनेकांची मूळ गावे तेलंगणात आहेत. म्हणजे मांडणारा खासदार इथला आणि ज्यांच्या गावांचे राज्य बदलणार होते त्यांचे सोयरेही इथले. १८ फेब्रुवारीला सभागृहातल्या गोंधळात, दूरचित्रवाणीवरचे थेट प्रक्षेपण बंद असताना, विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झाले.

मतांची नोंद अशी विरळ असल्यामुळे खासदाराचे काम मोजायला दुसरी मापे पुढे आली. २००५ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या पीआरएस या संस्थेने हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग आणि खासगी (मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेली) विधेयके यांचे तक्ते सर्वांसाठी खुले केले. निवडणूक आली की वर्तमानपत्रे त्यातलेच आकडे उचलतात. हे तक्ते उपयोगी आहेत, पण जपून वाचावे लागतात. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत. २००९ ते २०१४ या काळात सोलापूरचे शिंदे आधी ऊर्जामंत्री आणि नंतर गृहमंत्री होते, तर शेजारच्या माढ्याचे शरद पवार कृषिमंत्री होते. नुसता तक्ता पाहणाऱ्याला ती पाच वर्षे या दोन मतदारसंघांकडून कोणी काही विचारलेच नाही, असे दिसेल.

प्रश्नांच्या संख्येचेही तेच. प्रश्न विचारण्याचा अधिकार १८९२ च्या कायद्याने कायदे मंडळात आला आणि उपप्रश्नाची मुभा १९०९ मध्ये मिळाली. तेव्हापासून सरकारला कागदावर बोलायला लावण्याचे हे सर्वांत स्वस्त साधन आहे. लोकसभेत एका दिवसासाठी वीस तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि दोनशे तीस अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात, आणि त्यांचा क्रम सोडतीने लागतो. तारांकितांची यादी हिरव्या कागदावर छापतात, पण तोंडी उत्तराची पाळी त्यांतल्या पहिल्या काहींवरच येते. सारखे प्रश्न एकत्र करून एकाच उत्तरावर अनेक सदस्यांची नावे घातली जातात, आणि तो प्रश्न प्रत्येकाच्या खात्यावर मोजला जातो. माझ्या मते संख्या बाजूला ठेवून उत्तराच्या शेवटी जोडलेले परिशिष्ट वाचावे. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्गाबद्दलच्या प्रश्नात भूसंपादन किती झाले आणि खर्च किती झाला, असे नेमके विचारलेले असेल, तर उत्तरात आकडे येतात. ‘सरकारला याची कल्पना आहे का’ एवढेच विचारले असेल, तर ‘होय’ एवढेच येते.

सोलापुरात प्रत्यक्ष प्रचारात चालते ते माप वेगळेच आहे, ते म्हणजे खासदार निधी. २३ डिसेंबर १९९३ रोजी ही योजना जाहीर झाली. पहिल्या वर्षी प्रत्येकी पाच लाख, पुढच्या वर्षी एक कोटी, १९९८-९९ पासून दोन कोटी आणि २०११-१२ पासून पाच कोटी रुपये. खासदार फक्त काम सुचवतो. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची. तरी समाजमंदिराच्या भिंतीवरच्या फलकावर नाव खासदाराचे येते आणि ते वर्षानुवर्षे दिसत राहते.

नोंद शोधायची कुठे, यातही एक गुंता आहे. जिल्हा एक, मतदारसंघ तीन. सोलापूर शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ आणि पंढरपूर हे विधानसभा मतदारसंघ सोलापूर लोकसभेत येतात. करमाळा, माढा, सांगोला आणि माळशिरस हे माढ्यात. तर बार्शीकराने आपला खासदार उस्मानाबाद (धाराशिव) मतदारसंघाखाली शोधायचा. शोधून हाती लागेल अशी अलीकडची एक नोंद १७ डिसेंबर २०२४ ची आहे. ‘एक देश, एक निवडणूक’ घटनादुरुस्ती विधेयक मांडू द्यावे की नाही, यावर नव्या संसद भवनात प्रथमच यंत्राने मतविभागणी झाली. बाजूने २६९, विरोधात १९८. त्या दिवशीही काही सदस्यांनी चिठ्ठ्यांवरच मत दिले.