जारवा आणि सेंटिनेली : अंदमानातले दोन वेगळे समाज

अंदमानातल्या बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहा पाहून आलेली माणसं "वाटेत सेंटिनेली दिसले" असं अगदी खात्रीने सांगतात. त्यांना दिसलेले असतात ते जारवा. सेंटिनेली रस्त्यावर दिसणं शक्यच नाही, कारण त्यांच्या बेटावर रस्ताच नाही आणि बाहेरच्या कुणाला तिथे उतरायची परवानगी नाही. सेल्युलर जेलच्या दर्शनाला जाणारी आपली किती तरी माणसं पुढे बाराटांगलाही जातात, म्हणून हा फरक नीट मांडावासा वाटतो.

जारवा राहतात दक्षिण आणि मध्य अंदमानच्या पश्चिम बाजूला, सुमारे हजार चौरस किलोमीटरच्या राखीव सदाहरित जंगलात. 2011 च्या जनगणनेत ते 380 होते. सेंटिनेली राहतात उत्तर सेंटिनेल या एकाच बेटावर. पोर्ट ब्लेअरपासून (आताचं श्री विजयपुरम) हे बेट पश्चिमेला साधारण 50 किलोमीटरवर आहे. क्षेत्रफळ जेमतेम 60 चौरस किलोमीटर, वाळू संपते तिथून जंगल सुरू होतं आणि भोवती प्रवाळाचं कडं. त्यांची मोजदाद लांबूनच करावी लागते. 2011 मध्ये 15 माणसं नजरेस पडली, तेवढी नोंदली गेली. ही त्यांची खरी लोकसंख्या नाही, पण बातम्यांत तोच आकडा बिनदिक्कत छापला जातो.

दोघांची गल्लत जुनीच आहे. 'जारवा' हा शब्द मुळात जारवांचा नाही. तो शेजारच्या आका-बिया भाषेतला, अर्थ 'परके'. ते स्वतःला 'अंग' म्हणतात. ब्रिटिश अधिकारी उत्तर सेंटिनेलवरच्या लोकांनाही जारवाच म्हणत. शिवाय काही मोजक्या भेटीगाठी सोडल्या तर 1997 पर्यंत दोन्हीकडून बाहेरच्यांच्या दिशेने बाणच येत. सरकारी कागदांत दोघांनाही 'शत्रुत्व बाळगणारे' असा एकच शिक्का होता.

मग जारवांच्या बाजूने चित्र पालटलं. 1996 मध्ये पाय मोडलेला एक जारवा मुलगा वस्तीजवळ सापडला. पोर्ट ब्लेअरच्या रुग्णालयात काही महिने उपचार झाल्यावर त्याला परत जंगलात पोचवलं. 1997 च्या ऑक्टोबरपासून जारवा दिवसाढवळ्या, तीरकामठे न घेता वस्त्यांकडे येऊ लागले. त्यांनी टाकलेला हा विश्वास मला फार मोठा वाटतो, कारण त्याची किंमत त्यांनीच मोजली. 1999 मध्ये त्यांच्यात गोवर पसरला, 2006 मध्ये पुन्हा. आपल्याकडे लहानपणी येऊन जाणारा हा आजार. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी तो पाहिला नाही, त्यांच्यासाठी जिवावरचा.

सेंटिनेलींचा नकार कुठून आला, याचा एक धागा 1880 पर्यंत मागे जातो. मॉरिस पोर्टमन या ब्रिटिश अधिकाऱ्याने बेटावरून एक म्हातारं जोडपं आणि चार मुलं उचलून पोर्ट ब्लेअरला नेली. सगळे आजारी पडले, जोडपं दगावलं. मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडलं. त्यांनी बेटावर काय सांगितलं असेल, याची कल्पना करणं अवघड नाही. स्वातंत्र्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ त्रिलोकनाथ पंडित आणि त्यांचे सहकारी 1967 पासून नारळ घेऊन जात राहिले. 4 जानेवारी 1991 ला सेंटिनेली प्रथमच पाण्यात उतरून नारळ घ्यायला आले. मधुमाला चट्टोपाध्याय त्या पथकात होत्या. पुढे सरकारनेच या मोहिमा थांबवल्या, आणि योग्यच केलं. 2004 च्या त्सुनामीनंतर पाहणीला गेलेल्या हेलिकॉप्टरवर किनाऱ्यावरच्या एका माणसाने धनुष्य रोखलं, तेव्हा ते तगले आहेत हे जगाला कळलं.

रोजच्या जगण्यात साम्य आहे. दोघेही शिकार, मासेमारी आणि रानातलं वेचण्यावर जगतात, शेती करत नाहीत. पण सारखेपणा फार ताणू नये. सेंटिनेली अरुंद होड्या वापरतात, कडेला तोल सांभाळणारं लाकूड बांधलेल्या, आणि प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यात त्या बांबूने रेटत नेतात. जारवांकडे होड्या नाहीत. खाड्या ओलांडायला ते ओंडक्यांचे तराफे बांधतात. जारवा पुरुष छातीभोवती झाडाच्या सालीचं जाड कवच बांधतात. त्यांच्या आहारात रानडुक्कर, घोरपड, कंद, शिंपले आणि मध असतो. मध काढताना एका रानवनस्पतीचा देठ चावून त्याचा रस अंगाला फासतात, मग माश्या जवळ येत नाहीत. जंगलात हरणं भरपूर असूनही परंपरेने ते हरीण मारत नाहीत, कारण हरणं ब्रिटिशांनी बाहेरून आणलेली. जारवांची भाषा लिटल अंदमानच्या ओंगी लोकांच्या भाषेची बहीण. पोर्टमनच्या काळात ओंगींना उत्तर सेंटिनेलवर नेलं, तेव्हा मात्र त्यांना तिथली बोली उमगली नाही.

सगळ्यांत मोठा फरक मला दिसतो तो पहाऱ्यात. कायदा दोघांनाही एकच, आदिवासींच्या संरक्षणासाठी केलेला 1956 चा. पण सेंटिनेलींभोवती समुद्र आहे, प्रवाळ आहे, पावसाळ्यातल्या लाटा आहेत. तरीही 2018 मध्ये एक अमेरिकन तरुण धर्मप्रचारासाठी मासेमारांना पैसे देऊन तिथे पोचला आणि मारला गेला. जारवांच्या जंगलातून तर बाराटांगकडे नेणारा अंदमान ट्रंक रोड सरळ जातो. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातला रस्ता बंद करायला सांगितलं. तो सुरूच राहिला. 2012 मध्ये पर्यटकांसमोर जारवा मुलींना नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर दाखवली गेली. 2017 मध्ये बाराटांगसाठी समुद्रमार्गही सुरू करण्यात आला.

रस्त्याने गेलात तर जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या थांबवतात, सूचना देतात आणि ठरलेल्या वेळी पोलिसांच्या ताफ्यात सोडतात. गाडी थांबवायची नाही, खायला काही द्यायचं नाही, फोटो काढायचा नाही. काचेबाहेर कुणी दिसलंच, तर ते अंग असतात, आणि आपण त्यांच्या घरातून जात असतो.