स्पिन जालकातील दोष आणि क्रांतिक वर्तन

चुंबकाच्या सैद्धांतिक प्रतिकृतीत जालकाच्या, म्हणजे बिंदूंच्या नियमित मांडणीच्या, प्रत्येक बिंदूवर एक स्पिन, म्हणजे इवलासा चुंबक, मानतात. आयसिंग प्रतिकृतीत त्याला वर आणि खाली अशा दोनच दिशा असतात. तापमान वाढत क्रांतिक बिंदूला पोचले की स्पिनांची एकजूट मोडते आणि चुंबकत्व जाते. लार्स ऑन्सागर यांनी १९४४ साली द्विमितीय आयसिंग जालकाचे अचूक उत्तर काढले, पण ते निर्दोष जालकाचे. खऱ्या स्फटिकात जागा रिकाम्या राहतात, परके अणू घुसतात.

कोकणात याचा नमुना पायाखालीच असतो. रत्नागिरीजवळ काळबादेवी, मालगुंडच्या किनाऱ्यावर काळी वाळू आहे. कागदात गुंडाळलेला लोहचुंबक कोरड्या वाळूतून फिरवला की मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण केसांसारखे उभे राहतात; लोह-टायटॅनियमचे खनिज इल्मेनाइट बहुतेक मागेच राहते. शुद्ध मॅग्नेटाइटचे चुंबकत्व सुमारे ५८० अंश सेल्सिअसला जाते. लोहाच्या जागी अचुंबकी टायटॅनियम शिरत गेले, की हे तापमान उतरत जाते.

दोष किती चालतील? चौकोनी आसाचे, म्हणजे चौकोनी भोकांचे, मासेमारीचे जाळे घ्या आणि गाठी कसलाही क्रम न धरता कापत जा. जाळे मोठे असेल तर सुमारे ४१ टक्के गाठी गेल्यावर ते एकसंध राहत नाही, तुकडे हातात येतात. फक्त लगतच्या शेजाऱ्यांशी बांधलेल्या स्पिनांच्या चौरस जालकातही ५९.३ टक्क्यांहून कमी स्पिन उरले, तर कितीही थंड केले तरी सलग चुंबकत्व येत नाही.

तापमान खाली सरकणे ही तशी किरकोळ बाब. खरा प्रश्न असा, की क्रांतिक बिंदूजवळच्या वर्तनाचे घातांक, म्हणजे तिथे राशी किती वेगाने बदलतात ते सांगणारे आकडे, बदलतात का? ए. ब्रूक्स हॅरिस यांनी १९७४ साली त्यासाठी कसोटी दिली. सहसंबंध लांबी म्हणजे जितक्या अंतरापर्यंत स्पिन एकमेकांच्या कलाने वागतात ते अंतर. जालकाचे तेवढे ठोकळे पाडले, तर कुठे दोष जास्त, कुठे कमी. म्हणून प्रत्येक ठोकळ्याचे क्रांतिक तापमान थोडे वेगळे. क्रांतिक बिंदू जवळ येताना ठोकळे मोठे होतात आणि हा फरक घटतो. पण क्रांतिक तापमानापासूनचे अंतरही घटतच असते. फरक जास्त वेगाने घटला तर जुने घातांक टिकतात. त्यासाठी मितींची संख्या आणि सहसंबंध लांबीचा घातांक यांचा गुणाकार २ पेक्षा मोठा लागतो. स्पिनला कोणतीही दिशा घेता येते अशा त्रिमितीय हायझेनबर्ग प्रतिकृतीत तो सुमारे २.१३ आहे, म्हणून विरळ दोष तिथे निरुपद्रवी ठरतात. त्रिमितीय आयसिंगमध्ये मात्र १.८९ भरतो, दोष शिरताच सहसंबंध लांबीचा घातांक ०.६३ वरून सुमारे ०.६८ होतो. द्विमितीय आयसिंग बरोबर २ वर, अगदी उंबरठ्यावर. ऑन्सागर यांचेच उदाहरण कसोटीला असे अडावे, ही गंमतच!

हे सारे विखुरलेल्या दोषांबद्दल. दोष ओळीने लागले तर परिणाम तीव्र होतो. मॅकॉय आणि वू यांनी १९६८ साली ओळीगणिक बदलणारे, पण एका ओळीत समान असलेले बंध, म्हणजे शेजारी स्पिनांमधल्या जोडण्या, घेतले, तेव्हा क्रांतिक बिंदूवरचे विशिष्ट उष्णतेचे टोकदार शिखर सपाट झाले. दोष बंधांत नसून जागोजागी बदलणाऱ्या चुंबकी क्षेत्राच्या रूपात असेल, तर दोन मितींत आयसिंगची एकजूट क्षीण क्षेत्रानेही मोडते.