हाइन्केस, युप

हाइन्केस, युप : (९ मे १९४५ – ). जर्मन फुटबॉलपटू व प्रशिक्षक. ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेकडील मोन्शेनग्लाडबाख या कापडगिरण्यांच्या शहरात एका लोहाराच्या घरी, दहा भावंडांतील नववे अपत्य म्हणून त्यांचा जन्म झाला. भिंतींच्या गिलाव्याचे काम शिकत असतानाच ते गावच्या बोरुसिया क्लबाकडून खेळू लागले. प्रशिक्षक हेनेस वाइसवायलर यांच्या हाताखाली तयार झालेल्या या तरुण संघाने १९६५ मध्ये बुंडेसलीगा या अव्वल साखळी स्पर्धेत प्रवेश मिळवला. हाइन्केस १९६७ ते १९७० अशी तीन वर्षे हानोव्हरकडून खेळले; एरवीची सगळी कारकीर्द त्यांनी जन्मगावीच काढली.

बुंडेसलीगेत त्यांनी ३६९ सामन्यांत २२० गोल केले. गेर्ट म्युलर यांच्यासारखा विक्रमवीर त्याच काळात खेळत नसता, तर या आकड्याचे कौतुक अधिक झाले असते. बोरुसिया मोन्शेनग्लाडबाखने (थोडक्यात ग्लाडबाख) १९७१, १९७५, १९७६ व १९७७ मध्ये विजेतेपद पटकावले. १९७५ च्या यूएफा चषक या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पहिला सामना गोलशून्य सुटल्यावर ट्वेंटे संघाच्या मैदानावर ग्लाडबाखने ५–१ असा विजय मिळवला, त्यात हाइन्केस यांचे तीन गोल होते. पश्चिम जर्मनीकडून ते ३९ सामने खेळले. १९७२ चा युरोपीय चषक आणि १९७४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघांत ते होते. विश्वचषकात मात्र दुखापतीमुळे त्यांना पहिल्या दोनच सामन्यांत खेळता आले.

त्यांचा शेवटचा लीग सामना २९ एप्रिल १९७८ रोजी झाला. ग्लाडबाख व कोलोन यांचे गुण समान होते, पण गोलफरकात (केलेले व स्वीकारलेले गोल यांतील फरक) कोलोन दहा गोलांनी पुढे होता. ग्लाडबाखने डोर्टमुंडला १२–० असे लोळवले, पाच गोल एकट्या हाइन्केस यांनी केले. तिकडे कोलोनने आपला सामना ५–० असा जिंकला आणि विजेतेपद तीन गोलांच्या फरकाने हुकले.

१९७९ मध्ये ते ग्लाडबाखचे मुख्य प्रशिक्षक झाले. आठ वर्षांत संघाला एकही चषक मिळाला नाही. संतापले की त्यांचा चेहरा लालबुंद होई, म्हणून वोल्फ्राम वुटके या खेळाडूने त्यांना ‘ओस्राम’ असे विजेच्या दिव्यांच्या कंपनीचे नाव ठेवले, आणि ते त्यांना कायमचे चिकटले. बायर्न म्युनिकला त्यांनी १९८९ व १९९० मध्ये विजेतेपद मिळवून दिले. १९९१ मध्ये क्लबाने त्यांना काढले, आणि हा निर्णय आपली मोठी चूक होती, असे व्यवस्थापक उली होनेस पुढे सांगत राहिले. फ्रँकफुर्ट येथे शिस्तीच्या प्रश्नावरून येबोआ, ओकोचा व गाउडिनो या तीन नामवंतांशी त्यांचे बिनसले आणि हंगाम संपण्याआधीच त्यांना तो क्लब सोडावा लागला. स्पेनमध्ये त्यांनी बिलबाओ, तेनेरिफे व रेआल माद्रिद या संघांना प्रशिक्षण दिले. रेआलने १९९८ मध्ये युव्हेन्टसला १–० असे हरवून ३२ वर्षांनी युरोपचे विजेतेपद मिळवले. तरीही देशांतर्गत लीगमधील चौथ्या स्थानामुळे हाइन्केस यांना जावे लागले.

उतारवयात त्यांचा स्वभाव निवळला, असे म्हणण्यास जागा आहे. २०११ मध्ये ते पुन्हा बायर्नकडे आले. पुढच्याच वर्षी म्युनिकमध्येच झालेल्या चॅम्पियन्स लीग या युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ८३ व्या मिनिटाला आघाडी घेऊनही बायर्न चेल्सीकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरला. रॉबेन व रिबेरी या मानी विंगरांना (मैदानाच्या कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूंना) बचावासाठी मागे धावायला लावणे, हे त्यानंतरच्या हंगामातले त्यांचे खरे काम होय. २०१२–१३ मध्ये बायर्नने ३४ पैकी २९ सामने जिंकले, केवळ १८ गोल स्वीकारले आणि दुसऱ्या क्रमांकाच्या डोर्टमुंडला २५ गुणांनी मागे टाकले. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बार्सिलोनाचा एकूण ७–० असा धुव्वा उडवला. वेम्बलीतील अंतिम सामन्यात डोर्टमुंडवर २–१ आणि जर्मन चषकात स्टुटगार्टवर ३–२ असे विजय मिळवून एकाच हंगामात तिन्ही मानाचे चषक जिंकणारा हा पहिला जर्मन क्लब ठरला. पुढील हंगामासाठी पेप ग्वार्डिओला यांची निवड मात्र क्लबाने जानेवारीतच जाहीर केली होती.

ऑक्टोबर २०१७ मध्ये कार्लो आन्चेलोत्ती यांच्या जागी त्यांना निवृत्तीतून परत बोलावण्यात आले आणि वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांनी आणखी एक लीग विजेतेपद मिळवले. १९ मे २०१८ रोजी बर्लिनमधील जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांचा संघ फ्रँकफुर्टकडून १–३ असा हरला. फ्रँकफुर्टचे प्रशिक्षक निको कोवाच हेच त्यांचे बायर्नमधील उत्तराधिकारी म्हणून आधीच ठरलेले होते.