‘फॉरमॅट मारा लागते’: एका सर्रास इलाजाची पार्श्वभूमी

कॉम्प्युटर अटकायला लागला की विदर्भातल्या तालुक्याच्या दुकानात निदान ठरलेलं असतं: “भाऊ, याले फॉरमॅट मारा लागते.” म्हणजे डिस्क साफ करून विंडोज नव्याने टाकायची. हा इलाज इतका सर्रास का झाला, त्याचं कारण थोडं मशीनमध्ये आहे, बरंचसं आपल्या विजेत आणि पेन ड्राइव्हमध्ये.

आयबीएमच्या पीसी एक्सटीमध्ये १९८३ साली १० एमबीची हार्ड डिस्क आली, सोबत डॉस २.० ही ऑपरेटिंग सिस्टिम. डिस्कचे भाग पाडायला एफडिस्क, आणि फायलींच्या नोंदींचं कोष्टक नव्याने मांडायला फॉरमॅट. तेव्हापासूनचा एक गैरसमज अजून टिकून आहे, की फॉरमॅटने सगळं पुसलं जातं. सातबारा फाटला म्हणून वावर कुठे जात नाही! विंडोज एक्सपीपर्यंत तर पूर्ण फॉरमॅटसुद्धा जुना मजकूर पुसत नव्हता, फक्त डिस्कचे खराब तुकडे (सेक्टर) तपासायचा. सगळीकडे शून्यं लिहिणं तिच्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, सुरू झालं. क्विक फॉरमॅट आजही नोंदीच उडवतो.

विंडोज ९८ च्या काळात खेड्यांत भारनियमन तासन्‌तास चालायचं. लिहिणं चालू असताना लाइन गेली की फॅट-३२ या फायली मांडायच्या तेव्हाच्या पद्धतीतल्या नोंदी विस्कटायच्या, आणि लाइन आली की आधी डिस्क तपासणारी स्कॅनडिस्क. २००१ मध्ये एक्सपी आली. तिच्यातली एनटीएफएस ही पद्धत बदलांची नोंद आधी ठेवते, त्यामुळे हा त्रास कमी झाला. एक्सपी टाकणं ज्यांनी पाहिलंय त्यांना निळा पडदा आठवेल: एफ-८ दाबून करार मान्य, ‘डी’ बटणाने पार्टिशन (डिस्कचा भाग) उडवायचं, खात्रीसाठी ‘एल’, मग ‘३९ मिनिटे’ दाखवत बसलेला सेटअप. सीडीच्या कव्हरवर पेनाने लिहिलेली ‘प्रॉडक्ट की’, म्हणजे लायसन्सचा नंबर, असायची. ती कुणाची, हे कुणी विचारत नसे.

मग पेन ड्राइव्ह आले आणि व्हायरसची साथ पसरली. फोल्डरचं चित्र लावलेली ‘न्यू फोल्डर’ नावाची फाइल उघडली की काम तमाम. अँटिव्हायरस अपडेट करायला नेट हवं, ते गावात कुठे होतं? त्यामुळे फॉरमॅटच स्वस्त पडायचा. पण दुकानदार विंडोज असलेला डिस्कचा ‘सी’ भाग साफ करायचा आणि गिऱ्हाइकाचे फोटो ‘डी’वर तसेच ठेवायचा. त्याच ‘डी’वर ऑटोरनची, म्हणजे प्रोग्राम आपोआप सुरू करणारी, फाइल दबा धरून बसलेली. घरी जाऊन ‘डी’वर डबल क्लिक केलं की व्हायरस हजर, आणि आठवडाभरात तेच मशीन पुन्हा दुकानात. अशा फेऱ्यांवर कित्येक दुकानं तगली, असं माझं स्पष्ट मत आहे.

मराठीचे हाल वेगळेच. कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टात टाइप केलेले अर्ज आणि लग्नपत्रिका नव्या विंडोजवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी, कारण फॉन्ट ‘सी’सोबत गेलेले. एका फॉन्टवर न अडणारी युनिकोड मराठी हवी तर एक्सपीच्या रीजनल सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची (देवनागरीसारख्या लिप्यांची) खूण करा, की ती परत सीडी मागणार. सेतू केंद्रांवर हे झालं म्हणजे दिवस गेलाच.

विंडोज ८ पासून रीसेटची सोय आतच मिळाली, ड्रायव्हर नेटवरून यायला लागले, सीडी गेली. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. गावातल्या जुन्या मशीनमध्ये बहुधा ती नसतेच; एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) लावून पुन्हा विंडोज १० टाकली की मशीन पळतं खरं, पण सुरक्षेचे नवे अपडेट काही फॉरमॅट मारून येत नाहीत.