तापला की रुसणारा क्लच

गवत कापायच्या ट्रॅक्टरची एक तक्रार ऐकायला चमत्कारिक वाटते. पाती अर्धा तास सुरळीत फिरतात. मधेच गवताची पिशवी रिकामी करायला पात्यांचा स्विच बंद केला आणि पुन्हा ओढला, तर इंजिन चालू पण पाती ढिम्म! तासाभराने मात्र तोच स्विच ओढला की ‘टक्क’ आवाज येतो आणि काही झालंच नव्हतं अशा थाटात गवत उडायला लागतं. बेल्ट शाबूत, फ्यूजही शाबूत.

हा रुसवा बहुतेकदा इंजिनखाली, क्रँकशाफ्टच्या म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या टोकाला बसवलेल्या विद्युतचुंबकी क्लचचा असतो. शाफ्टला चावीने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या छोट्या धातूच्या तुकड्याने जखडलेला रोटर इंजिनबरोबर सतत फिरतो. त्याला लागून तांब्याच्या तारेची कॉइल असते, ती फिरत नाही. रोटरसमोर व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी, साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटरची फट सोडून एक लोखंडी चकती असते आणि पात्यांच्या बेल्टची पुली या चकतीला जोडलेली असते. कॉइलमध्ये वीज गेली की रोटर चुंबक होतो, चकतीला खेचून घेतो आणि दोघं एकत्र फिरू लागतात. वीज तोडली की स्प्रिंगा चकतीला मागे ब्रेकवर दाबतात, म्हणून पाती लगेच थांबतात.

आता थोडं गणित. कॉइलचा रोध 3 ओहम धरला, तर 12 व्होल्टवर 4 अँपिअर प्रवाह वाहतो. तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला साधारण 0.39 टक्के वाढतो. कॉइल 100 अंशांनी तापली तर रोध 4.2 ओहमच्या आसपास जातो आणि प्रवाह 2.9 अँपिअरवर येतो. चुंबकाची ओढ ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गावर ठरते, म्हणजे ती जवळजवळ निम्मी झाली. त्यातच वर्षानुवर्षं घासून फट दुप्पट झाली असेल, तर तेवढ्यानेच ओढ पावपट होते. दोन्ही मिळून आठवा हिस्सा.

मग तापत असताना पाती फिरत कशी राहतात? चकती एकदा चिकटली की मधली फट उरतच नाही, आणि चिकटलेलं धरून ठेवायला थोडी ओढही पुरते. दुरून खेचून आणायला मात्र ती पुरत नाही. म्हणून स्विच बंद करेपर्यंत सगळं आलबेल.

म्हणूनच नवा क्लच मागवण्याआधी फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, हातात घ्यावा. इंजिन बंद करून स्पार्क प्लगची वायर काढायची, मगच पात्यांच्या आसपास हात घालायचा. अनेक क्लचवर फट जुळवायचे तीन नट असतात. तिन्ही ठिकाणी सारखी फट ठेवली की कित्येकदा दुखणं तिथेच संपतं. दहा मिनिटांच्या या कामाऐवजी लोक अख्खा क्लच बदलतात, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

‘टक्क’ आवाज थंड असतानाही येत नसेल तर वीज पोहोचते का ते बघायचं. सीटखालचा आणि ब्रेक पेडलचा सुरक्षा स्विच आधी तपासायचा. व्होल्टेज मोजायचं ते क्लचची जोडणी न काढता. गंजलेली जोडणी मोकळी असताना मल्टिमीटरला 12 व्होल्ट दाखवते आणि भार येताच मान टाकते. वीज नीट येत असेल तर कॉइलचा रोध मोजून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचा. रोध अनंत दाखवला तर तार तुटली आहे. फारच कमी दाखवला तर वेटोळी आतल्या आत चिकटली आहेत, आणि फ्यूज वारंवार उडत असेल तर त्याचं कारणही कळतं. पाती बंद असतानाही खालून घरघर येत असेल तर बेअरिंग गेलं.

बदलायचाच झाला तर बॅटरीची ऋण वायर सोडायची, बेल्ट उतरवायचा आणि मधला बोल्ट काढायचा. खरी झुंज त्यानंतर असते, कारण गंजलेला क्लच शाफ्टला घट्ट धरून बसतो. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर थांबावं आणि पुलर, म्हणजे घट्ट बसलेला भाग ओढून काढायचं अवजार, लावावा. हातोडा नको, त्याचा दणका क्रँकशाफ्टमार्फत थेट इंजिनाच्या पोटात जातो.

नवा बसवताना शाफ्टला गंजरोधक ग्रीस लावायचं, चावी खाचेत बसवायची आणि कॉइलला फिरू न देणारी खाच तिच्या खुंटीत नीट अडकली आहे हे पाहायचं. ती राहिली तर कॉइल रोटरबरोबर गरगरते आणि पहिल्याच फेरीत वायर तुटते. बोल्ट टॉर्क पान्यानेच, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळायचा.

लगेच उंच गवतात मात्र घुसू नये. नवे पृष्ठभाग वरवर सपाट दिसले तरी ते मोजक्याच उंचवट्यांवर टेकलेले असतात, त्यामुळे पकड कमी असते. इंजिन अर्ध्या वेगावर ठेवून, गवत न कापता, क्लच काही सेकंद चालू, काही सेकंद बंद असं पाचसहा वेळा करायचं. मग वेग थोडा वाढवून पुन्हा तेच. उंचवटे घासले जातात आणि चकती रोटरला अंगभर टेकते.